स्मृतिभ्रंश झालेल्या आप्तासाठी निवासी संस्था निवडताना

वार्धक्यात स्मरणशक्ती थोडी मंदावणे स्वाभाविक आहे. परंतु स्वतःच्या घराची वाट, जेवण झाले की नाही, समोर उभी असलेली मुलगी कोण, हेही उमजेनासे होते तेव्हा तो केवळ वयाचा परिणाम नसून मेंदूचा आजार असतो. वैद्यकशास्त्रात त्यास स्मृतिभ्रंश किंवा डिमेन्शिया असे म्हणतात. अल्झायमर हा त्याचा सर्वाधिक आढळणारा प्रकार असून, जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार ६० ते ७० टक्के रुग्ण या प्रकारात मोडतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात साठ वर्षांवरील सुमारे ८८ लाख व्यक्तींना, म्हणजे शंभरातील सातांहून अधिक ज्येष्ठांना, स्मृतिभ्रंश असावा असा अंदाज आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा ग्रामीण भागात हे प्रमाण अधिक असल्याचेही त्या पाहणीत आढळले.

रत्नागिरी जिल्ह्यात हा प्रश्न अधिक बिकट होतो. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. २०११ मध्ये ती १६,१५,०६९ इतकी खाली आली आणि दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया नोंदल्या गेल्या. या आकड्यांमागील कारण प्रत्येक वाडीला ठाऊक आहे. कमावती पिढी मुंबई, पुणे, गोवा आणि आखाती देशांत गेली. घर सांभाळण्यास वडीलधारी माणसे, त्यांतही स्त्रिया, मागे राहिल्या. अशा घरातील आईला किंवा एकट्या राहणाऱ्या मावशीला स्मृतिभ्रंश झाला की काही महिन्यांतच 'आता हिला कोठे ठेवावे?' हा प्रश्न भावंडांपुढे उभा राहतो. त्याचे उत्तर शोधणाऱ्या कुटुंबांच्या उपयोगासाठी आम्ही ही माहिती येथे एकत्र देत आहोत.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करावीशी वाटते. सर्वसाधारण वृद्धाश्रमात राहणारी व्यक्ती तेथील बरेवाईट स्वतः सांगू शकते. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीला ते शक्य नसते. दुपारचे जेवण मिळाले नाही, रात्री कोणी हात बांधले, अंथरूण सकाळपर्यंत ओलेच राहिले, हे तिला सांगता येत नाही. आणि सांगितले तरी 'त्यांना काही आठवत नाही' असे म्हणून ते बाजूला सारले जाऊ शकते. म्हणून संस्थेची पारख करताना मुख्य कसोटी एकच असावी: जो तक्रार करू शकत नाही त्याला येथे कसे वागवले जाते? इमारत, बाग आणि माहितीपत्रक यांचा विचार त्यानंतर करावा.

प्रथम शब्दांचा खुलासा

आपल्याकडे 'नर्सिंग होम' म्हणजे शस्त्रक्रिया, बाळंतपण व अल्पकालीन उपचार करणारे खाजगी रुग्णालय. परदेशांत त्याच शब्दाचा अर्थ वृद्धांनी कायम राहण्याचे शुश्रूषागृह असा होतो. परदेशी असलेल्या नातलगांशी फोनवर बोलताना यामुळे गैरसमज होतो, हे ध्यानात ठेवावे.

आपल्या भागात प्रत्यक्षात तीन प्रकारच्या संस्था आढळतात. पहिला प्रकार सर्वसाधारण वृद्धाश्रमाचा. यांतील पुष्कळ संस्था, धर्मादाय संस्थाही, 'चालत्या-फिरत्या' आणि स्वतःचे आन्हिक स्वतः उरकणाऱ्या व्यक्तींनाच प्रवेश देतात. दुसरा प्रकार अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची सेवा करणाऱ्या शुश्रूषा केंद्रांचा. तिसरा प्रकार खास स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी चालवलेल्या निवासी केंद्रांचा. ही केंद्रे महाराष्ट्रात मुख्यतः मुंबई, ठाणे व पुणे या शहरांच्या परिसरात आहेत.

रत्नागिरी शहरातील प्रादेशिक मनोरुग्णालय १८८६ सालापासूनचे असून ठाणे, पुणे व नागपूर येथील अशाच शासकीय रुग्णालयांच्या मालिकेतील आहे. तेथील बाह्यरुग्ण विभागात मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला मिळू शकतो, आणि त्यासाठी तेथे जाण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. मात्र ते उपचारांचे रुग्णालय आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या कायम निवासाची जागा म्हणून त्याकडे पाहू नये.

संस्था शोधण्यापूर्वी

संस्थेची चौकशी करण्याआधी आजाराचे निदान पक्के झाले आहे ना, हे पाहावे. थायरॉईडची कमतरता, ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव, नैराश्य, काही औषधांचे दुष्परिणाम, पडल्यानंतर मेंदूभोवती साचलेले रक्त, यांमुळेही विसराळूपणा व गोंधळ निर्माण होतो आणि योग्य उपचारांनी तो पुष्कळदा कमी होतो. काल बरी असलेली व्यक्ती आज अचानक बरळू लागली, तर तो बहुधा लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, क्षारांचे असंतुलन अथवा औषधाचा परिणाम असतो. अशा वेळी तातडीने डॉक्टरांकडे न्यावे. केवळ 'वय झाले' या समजुतीवर कोणालाही संस्थेत पाठवणे अन्यायाचे ठरेल.

दुसरी गोष्ट घरातील सेवेची. आपल्या शेजारच्या गोव्यात डॉ. अमित डायस व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन तालुक्यांतील ८१ कुटुंबांमध्ये एक अभ्यास केला. प्रशिक्षण दिलेले स्थानिक कार्यकर्ते घरी जाऊन आजाराची माहिती देत, रुग्णाशी कसे वागावे हे समजावत आणि गरजेप्रमाणे डॉक्टरांशी गाठ घालून देत. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या मदतीमुळे सेवा करणाऱ्या नातलगांचे मानसिक स्वास्थ्य लक्षणीयरीत्या सुधारले. यातून बोध असा की काही कुटुंबांना संस्थेची नव्हे, तर आठवड्यातून थोडी उसंत आणि योग्य सल्ला यांची गरज असते. दिवसपाळीची सेविका, भावंडांनी वाटून घेतलेले महिने, शेजाऱ्यांनी दिलेले दोन तास, हे उपाय आधी करून पाहावेत.

तरीही घर अपुरे पडण्याची वेळ येऊ शकते. रुग्ण वारंवार घराबाहेर निघून जातो, रात्रभर जागतो, उचलून बसवण्याइतके बळ सेवा करणाऱ्यांत उरत नाही, किंवा सत्तरी ओलांडलेली पत्नी एकटीच पतीची सेवा करीत स्वतः आजारी पडते. अशा वेळी चांगल्या संस्थेचा आधार घेणे म्हणजे आईवडिलांना टाकणे नव्हे. टाकणे होते ते प्रवेशानंतर पाठ फिरवल्याने.

जवळची संस्था की दूरची?

रत्नागिरीतील कुटुंबापुढे बहुधा असा पेच असतो: जिल्ह्यातील साधा वृद्धाश्रम जवळ आहे, पण तेथे या आजाराचे खास ज्ञान नाही, शहरातील खास केंद्रात ज्ञान आहे, पण तेथे जाण्यास रात्रभराचा प्रवास करावा लागतो. यावर एकच उत्तर देता येणार नाही. मात्र निर्णयासाठी काही निकष सांगता येतील.

नियमित भेट देणारे माणूस कोठे राहते, हा पहिला निकष. मुलगा विरारला आणि मुलगी पुण्याला असेल, तर आईला रत्नागिरीत ठेवून दोघांनी वर्षातून दोनदा येण्यापेक्षा त्यांच्यापैकी एकाच्या जवळची संस्था बरी. उलट सून, भाची किंवा विश्वासू शेजारीण जिल्ह्यातच असेल, तर जवळच्या संस्थेला अधिक पसंती द्यावी. आजाराचा टप्पा हा दुसरा निकष. चालणाऱ्या, बाहेर निघून जाणाऱ्या, चिडणाऱ्या रुग्णाला प्रशिक्षित सेवकांची निकड असते. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला उत्तम शुश्रूषा आणि जवळचे रुग्णालय यांची निकड अधिक. तिसरा निकष भाषेचा. स्मृतिभ्रंशात नंतर शिकलेली भाषा आधी विसरते आणि बालपणीची बोली शेवटपर्यंत टिकते, असे पुष्कळदा दिसते. जिने आयुष्यभर घरात कोकणी किंवा मालवणी बोलली, तिच्याभोवती केवळ हिंदी बोलणारे सेवक असतील, तर तहान लागल्याचेही ती सांगू शकणार नाही.

भेट कशी द्यावी

संस्थेस किमान दोनदा भेट द्यावी: एकदा वेळ ठरवून, आणि एकदा न कळवता, शक्यतो जेवणाच्या वेळी किंवा संध्याकाळी. दिवस मावळताना स्मृतिभ्रंशाच्या पुष्कळ रुग्णांची अस्वस्थता वाढते. त्या वेळी सेवक कसे वागतात यावरून संस्थेची खरी ओळख पटते. न कळवता येण्यास संस्था कोणत्याही वेळी मनाई करीत असेल, तर तेवढ्यावरूनच सावध व्हावे.

*सेवक.* एकूण किती कर्मचारी आहेत असे विचारू नये. स्वयंपाकी व माळीही त्यात मोजले जातात. 'रात्री दोन वाजता किती माणसे जागी असतात आणि ती किती रुग्णांकडे पाहतात?' असे विचारावे. परिचारिका शिकलेली व नोंदणीकृत आहे का, की सर्व काम मामा-मावशांवर सोडले आहे, हे पाहावे. मामा-मावशा किती वर्षे टिकून आहेत, हेही विचारावे. दर दोन महिन्यांनी ब्युरोकडून नवी माणसे येत असतील, तर कोणत्याच रुग्णाच्या सवयी कोणालाच ठाऊक होत नाहीत. सेवक रुग्णांना नावाने, 'आजी', 'बाबा' असे आदराने हाक मारतात की 'तीन नंबरची' म्हणतात, हे कान देऊन ऐकावे.

*बांधून ठेवणे आणि गुंगीची औषधे.* हा प्रश्न विचारताना संकोच वाटतो, पण तो टाळू नये. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ अन्वये रुग्णाला शिक्षा म्हणून, किंवा केवळ सेवक कमी आहेत म्हणून, बांधून ठेवता येत नाही. तत्काळ इजा टाळण्यास अन्य कोणताच मार्ग नसेल तेव्हाच, मानसोपचारतज्ज्ञाच्या संमतीने, अत्यावश्यक तेवढाच वेळ तसे करता येते आणि त्याची नोंद ठेवावी लागते. एकांतात कोंडून ठेवण्यास तर मनाईच आहे. खाटेला किंवा खुर्चीला बांधलेल्या पट्ट्या, मनगटावरील वळ यांवर लक्ष ठेवावे.

भर दुपारी सर्वच रुग्ण झोपलेले दिसले, तर औषधांची चौकशी करावी. मनोविकारांवरील काही औषधांमुळे स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांत मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ साली दिला आणि २००८ मध्ये जुन्या औषधांसाठीही तो लागू केला. अशी औषधे कधीच देऊ नयेत असे नाही. परंतु ती कोणत्या डॉक्टरांनी, कशासाठी, किती काळासाठी दिली आणि पुन्हा तपासणी केव्हा, हे कुटुंबास कळलेच पाहिजे.

*जेवण व पाणी.* जेवणाच्या वेळी थांबून पाहावे. ताट समोर ठेवून तासाभराने उचलले जाते की शेजारी बसून घास भरवला जातो? माशातील काटे काढून दिले जातात का? गिळण्यास त्रास असणाऱ्यांना मऊ भात, पेज किंवा पिठी देऊन, ताठ बसवून सावकाश भरवले जाते का? घाईने किंवा आडवे असताना भरवल्यास अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. दर महिन्यास वजन नोंदले जाते का, ते विचारून वही पाहावी. घटत जाणारे वजन ही मूक तक्रारच असते.

*स्वच्छता व त्वचा.* सुवासिक फवारे मारलेल्या दिवाणखान्यापेक्षा शेवटच्या खोलीतील वास अधिक खरे सांगतो. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. तसे न झाल्यास पाठीवर, माकडहाडावर व टाचांवर शय्याव्रण होतात. कूस बदलल्याची नोंद कोठे ठेवतात, दिवसातून किती वेळा डायपर बदलतात आणि सध्या किती जणांना शय्याव्रण आहेत, हे विचारावे.

*वावर व सुरक्षितता.* कोकणातील आवारात उघडी विहीर, बुटका गडगा, शेवाळलेले चिरे आणि निसरडी पायवाट ही खरी संकटे आहेत. विहिरीस जाळी आहे का? फाटकास असे कुलूप आहे का, की जे सेवकाला चटकन उघडता येईल पण रुग्णाला नाही? जवळून रेल्वेमार्ग, महामार्ग किंवा खाडी जाते का? न्हाणीघरात कठडे आणि न घसरणारी फरशी आहे का? त्याचबरोबर रुग्णाला मोकळेपणाने फेऱ्या मारता येतील अशी पडवी किंवा अंगण हवे. दिवसभर खोलीत कोंडणे हा सुरक्षिततेचा उपाय नव्हे.

*पावसाळा.* शक्य झाल्यास जुलै महिन्यात संस्था पाहावी. वीज दोन दिवस गेली तर इन्व्हर्टर किंवा जनरेटर आहे का? अंथरुणे-पांघरुणे कोठे सुकवतात? रस्ता बंद झाला तर रुग्णाला कोणत्या रुग्णालयात, कोणत्या वाहनाने नेतात? एप्रिलमध्ये सुंदर दिसणारी डोंगरावरील संस्था श्रावणात अगदी एकाकी होऊ शकते.

व्यवस्थापकांना विचारावयाचे प्रश्न

१. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना आपण प्रवेश देता का, आणि आजार वाढल्यावरही ठेवून घेता का? की ठराविक टप्प्यानंतर घरी न्यावे लागते?

२. रात्री आमची आई उठून 'मला घरी जायचे आहे' म्हणू लागली, तर आपले सेवक काय करतात?

३. डॉक्टर किती दिवसांनी येतात? रुग्ण पडला तर आम्हाला किती वेळात कळवता?

४. गेल्या वर्षभरात कोणी आवारातून निघून गेले होते का? त्यानंतर आपण कोणती सुधारणा केली?

५. रुग्णाच्या अखेरच्या दिवसांत आपण काय करता? नाकातून नळी घालण्याचा किंवा रुग्णालयात हलवण्याचा निर्णय कोण घेते?

दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराकडे विशेष लक्ष द्यावे. 'आम्ही समजावून सांगतो' हे उत्तर पुरेसे नाही. तिच्याशी वाद न घालता सोबत दोन पावले चालणे, घरच्या माणसांविषयी विचारणे, कपभर चहा देणे, असे काही ऐकू आले तर त्या संस्थेला हा आजार समजलेला आहे असे मानावे. चौथ्या प्रश्नाला 'असे कधीच घडत नाही' या उत्तरापेक्षा घडलेल्या गोष्टीची प्रांजळ हकिकत अधिक विश्वासार्ह असते.

नोंदणी, करार व खर्च

संस्था कोणत्या न्यासाची किंवा मंडळाची आहे, धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी क्रमांक काय, हे पाहावे. २०१७ च्या कायद्यातील मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृती व दिशाभान यांचा गंभीर बिघाडही येतो, आणि असे रुग्ण ठेवून घेणाऱ्या आस्थापनांसाठी राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणीची तरतूद आहे. स्मृतिभ्रंशासाठी खास केंद्र असल्याचे सांगणाऱ्या संस्थेकडे या नोंदणीची चौकशी अवश्य करावी.

करार मराठीत किंवा आपणास समजेल अशा भाषेत मागून घ्यावा आणि घरी नेऊन वाचावा. अनामत रक्कम परत मिळते का आणि किती दिवसांत? मासिक शुल्कात औषधे, डायपर, डॉक्टरांची फी, रुग्णवाहिका येतात की त्यांचे वेगळे बिल होते? शुल्क दरवर्षी किती वाढते? रुग्ण महिनाभर रुग्णालयात असेल तर शुल्क द्यावे लागते का? हा आजार अनेक वर्षे चालतो. म्हणून पहिल्या वर्षाचा नव्हे, तर पाच-सात वर्षांचा हिशेब मांडावा.

ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत सत्तर व त्यावरील वयाच्या सर्व ज्येष्ठांना, उत्पन्नाची अट न ठेवता, वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देण्यात आले आहे. ते रुग्णालयातील उपचारांसाठी आहे. निवासी संस्थेचे मासिक शुल्क त्यातून मिळत नाही.

भावंडांत खर्चावरून वाद होतो, हे नाकारून चालणार नाही. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणाच्या २००७ च्या कायद्यानुसार ज्येष्ठ व्यक्तीला, किंवा तिला शक्य नसल्यास तिच्या वतीने अन्य व्यक्तीला, न्यायाधिकरणाकडे निर्वाह खर्च मागता येतो. त्याची कमाल मर्यादा दरमहा १०,००० रुपये आहे. अपत्य नसलेल्या ज्येष्ठाच्या बाबतीत, ज्यांना त्याची मालमत्ता वारसाने मिळणार असे नातलगही जबाबदार ठरतात. ज्येष्ठाला बेवारस सोडून देणे हा याच कायद्याने तीन महिन्यांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. अर्थात, न्यायाधिकरणापर्यंत जाण्यापूर्वी सर्व भावंडांनी एकत्र बसून कोण किती देणार आणि कोण कोणत्या महिन्यात भेटणार हे कागदावर लिहून काढावे, हे उत्तम.

वेळेवर करावयाची कागदपत्रे

आजाराच्या आरंभी व्यक्तीला अजून समज असते. त्याच काळात काही गोष्टी उरकाव्यात. मृत्युपत्र करण्यासाठी मन शाबूत असणे कायद्याने आवश्यक आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडल्यास पुढील वाद टळतात. २०१७ च्या कायद्यानुसार उपचारांविषयीची आपली इच्छा आगाऊ लिहून ठेवता येते आणि आपल्या वतीने निर्णय घेणारा प्रतिनिधीही नेमता येतो.

मुखत्यारपत्राविषयी मात्र मोठा गैरसमज आहे. 'आईने सही करून ठेवली आहे, आता काळजी नाही' असे पुष्कळ जण म्हणतात. परंतु १८७२ च्या करार कायद्यानुसार, मुखत्यारपत्र देणाऱ्याचे मन शाबूत राहिले नाही की मुखत्याराचा अधिकार संपतो. त्यानंतर तिचे बँक खाते किंवा जमीन यांचे व्यवहार करण्यासाठी उच्च न्यायालयाकडून पालक नेमून घेण्याची वेळ येऊ शकते. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर येथील सर्किट बेंच सुरू झाल्यापासून रत्नागिरी जिल्हा त्याच्या कक्षेत येतो. या बाबतीत वकिलांचा सल्ला लवकर घ्यावा.

श्रद्धाजीवनाची सोय

वृद्धांची घरे ही ख्रिस्तसभेच्या परंपरेस परकी नाहीत. १८३९ साली फ्रान्समधील सेंट सर्व्हां येथे संत जान जुगाँ यांनी एका अंध, अर्धांगाने पीडित वृद्धेस उचलून स्वतःच्या बिछान्यावर आणून ठेवले. त्यातून गरिबांच्या लहान भगिनींचा संघ उभा राहिला. या धर्मभगिनी १८८२ मध्ये कोलकात्यास आल्या, आणि जान जुगाँ यांना २००९ मध्ये संतपद मिळाले. पित्याची बुद्धी क्षीण झाली तरी त्याला समजून घ्यावे, असा उपदेश जुन्या करारातील सिराखच्या ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात आहे.

म्हणून संस्था निवडताना धर्मगुरूंना तेथे येऊ दिले जाते का, ख्रिस्तशरीर देण्याची व आजाऱ्यांच्या तैलाभ्यंगाची सोय होते का, हे विचारावे. संस्था अन्यधर्मीयांची असली तरी पुष्कळ व्यवस्थापक यास आनंदाने संमती देतात. आपणच विचारत नाही. नावे विसरलेल्या व्यक्तीच्या ओठांवर लहानपणी पाठ झालेली रोझरीची प्रार्थना किंवा जुने गीत अनेकदा येते. तिची जपमाळ, कुटुंबाचे छायाचित्र आणि ओळखीची गोधडी तिच्यासोबत पाठवावी. प्रवेशाची माहिती आपल्या धर्मग्रामातील धर्मगुरूंना आणि संस्था ज्या धर्मग्रामात आहे तेथील धर्मगुरूंनाही द्यावी. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये आजी-आजोबा व वृद्ध यांच्यासाठी जुलैचा चौथा रविवार जागतिक दिन म्हणून ठरवला. त्या दिवशी धर्मग्रामातील तरुणांनी अशा संस्थांना भेट द्यावी, असे आम्ही सुचवतो.

प्रवेशानंतर

पहिले काही आठवडे सर्वांनाच जड जातात. रुग्ण रडतो, घरी नेण्याची विनवणी करतो. संस्थेच्या संमतीने आरंभी थोडा वेळ पण वारंवार भेटावे. तिची ओळख सांगणारे एक पान लिहून द्यावे: तिला कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते, ती चहात साखर किती घेते, कशाला घाबरते, कोणते काम तिने आयुष्यभर केले. मासे विकणाऱ्या बाईला सकाळी लवकर उठण्याची सवय असते आणि शिक्षिकेला वही हातात हवी असते, हे सेवकांना कोणी सांगितल्याशिवाय कळणार नाही.

प्रत्येक भेटीत नखे, जीभ, टाचा व पाठ पाहावी. कपडे तिचेच आहेत ना, चष्मा, कवळी व श्रवणयंत्र जागेवर आहे ना, हे पाहावे. वजनाची व औषधांची वही मागावी. भेटीचे वार बदलत राहावे. दूर असलेल्या भावंडांनी फोनवर केवळ 'बरी आहे ना?' असे न विचारता 'आज सकाळी तिने काय खाल्ले?' असे विचारावे. ज्या रुग्णाला भेटावयास माणसे येतात, त्याच्याकडे सेवकांचेही लक्ष अधिक राहते. आणि जी मावशी रात्री जागून आपल्या आईची कूस बदलते, तिचे नाव लक्षात ठेवून तिचे आभार मानावेत. काही खटकले तर प्रथम शांतपणे व्यवस्थापकांशी बोलावे, नंतर लेखी द्यावे. सुधारणा झाली नाही तर जागा बदलण्यास कचरू नये.

मदतीसाठी ज्येष्ठ नागरिकांची राष्ट्रीय दूरध्वनी सेवा एल्डरलाइन १४५६७ या क्रमांकावर, आणि मानसिक आरोग्याची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. १९९२ मध्ये केरळात स्थापन झालेल्या अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेच्या शाखा अनेक शहरांत असून, त्यांच्याकडूनही मार्गदर्शन मिळते.

आपल्या धर्मग्रामातील कोणते कुटुंब अशा आप्ताची सेवा करीत आहे, हे शेजाऱ्यांना बहुधा ठाऊक असते. संस्था पाहण्यास जाताना त्यांच्यासोबत जाणे, दोन प्रश्न अधिक विचारणे आणि पुढे अधूनमधून त्या रुग्णाला भेटून येणे, एवढे आपणापैकी प्रत्येकाला करता येण्याजोगे आहे. ती भेट तिच्या स्मरणात राहणार नाही. पण तिच्याकडे पाहणारे कोणी आहे, हे तेथील सर्वांच्या स्मरणात राहील.